वैद्यकशिक्षणांतील क्रियापद

आमचें नागोठणें हें अंबा नदीच्या कांठचें एक जुनें बंदर आहे. आगगाडी व मोटारी नव्हत्या त्या काळीं मुंबईहून महाबळेश्वरास हवापालटासाठीं जाणारी साहेबमंडळी मचव्यांतून येथें उतरत आणि पुढें महाडच्या वाटेला लागत. नदीवरचा दगडी पूल त्याहूनहि जुना. निजामशाहीच्या अमदानींत चौलच्या काजी अल्लाउद्दीनानें तो बांधविला, असें गॅझेटियरांत नमूद आहे. अशा गांवीं, घरच्या ओटीवर बसून, जुन्या गोष्टी काढाव्या हें इतिहासाच्या अध्यापकास आवडावयाचेंच. परंतु गेल्या दिवाळींत त्या ओटीवर ज्या विषयानें आमचे तीन दिवस घेतले तो पुलाचा नव्हता कीं पेशव्यांचाहि नव्हता. डॉक्टर कसा घडवावा, हा तो विषय होता.

आमचा भाचा मेडिकल कॉलेजांत तिसऱ्या वर्षास आहे. सुटींत येतांना त्यानें वरच्या वर्गांतील एका मित्राकडून घेतलेलीं जाड पुस्तकें आणलीं होतीं. आम्हीं विचारलें, "हा कोणता ग्रंथ?" तो म्हणाला, "ग्रंथ नव्हे, मामा, हीं उद्दिष्टें. डॉक्टर होणाऱ्यास काय काय आलें पाहिजे त्याची यादी." मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियानें २०१८ सालीं तीन भागांत प्रसिद्ध केलेला तो अभ्यासक्रम होता. २०१९ सालच्या तुकडीपासून तो देशभर लागू झाला आणि पुढल्याच वर्षीं त्या कौन्सिलाची जागा नॅशनल मेडिकल कमिशननें घेतली.

आम्हीं तीं पुस्तकें चाळूं लागलों. पानेंच्या पानें वाक्यें. कर्ता सर्वत्र एकच, तो म्हणजे विद्यार्थी. क्रियापदें मात्र नाना परींचीं. कोठें तो वर्णन करील, कोठें ओळखील, कोठें करून दाखवील, कोठें रोग्याच्या नातलगांस समजावून देईल. प्रत्येक वाक्यापुढें एक खूण: नुसतें जाणतो, कसें करावें तें जाणतो, करून दाखवितो, आणि शेवटीं कोणाच्या मदतीवांचून स्वतः करतो. व्याकरणाची थोडी गोडी असल्यामुळें आम्हांस मौज वाटली. मौज ओसरल्यावर मात्र आमचें आम्हांसच थोडें ओशाळल्यासारखें झालें. गेलीं तीस वर्षें आम्हीं आमच्या विषयाच्या टिपणाच्या माथ्यावर "पेशवाईच्या उत्तरार्धाचें सम्यक् ज्ञान करून देणें" असें एक वाक्य लिहीत आलों आहों. भाच्यास तें सांगितलें, तेव्हां त्यानें हंसून विचारलें, "पण मामा, सम्यक् झालें हें कळायचें कसें?" आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. वाक्यांत कर्ता शिक्षक होता. शिकणारा त्यांत कोठेंच नव्हता.

शिक्षकाच्या वाक्यांतून शिकणाऱ्याच्या वाक्यांत येण्याचा हा प्रवास वैद्यकाच्या बाबतींत आपल्या मुलखांत कसा झाला, हें पाहावें असें तेव्हांच मनांत आलें.

त्याचा आरंभ १८२६ सालापर्यंत मागें नेतां येतो. एल्फिन्स्टनसाहेबांच्या कारकीर्दीत मुंबईस एतद्देशीयांसाठीं वैद्यकाची एक शाळा निघाली. डॉक्टर जॉन मॅक्लेनन हे तिचे प्रमुख. शिक्षण देशी भाषांतून द्यावयाचें ठरलें असल्यामुळें मराठी व गुजराती पुस्तकें तयार करण्याचें कामहि त्यांच्याच गळ्यांत पडलें. त्या काळीं शरीराच्या अंतर्भागास, औषधांस, शस्त्रक्रियांस मराठी नांवें शोधीत बसणें हें किती जिकिरीचें असेल! पण सहा वर्षांतच, १८३२ सालीं, ती शाळा बंद झाली. तिच्यामागें हेतु नव्हता असें नाहीं. लष्करांत व मुलकी इस्पितळांत गोऱ्या सर्जनांच्या हाताखालीं कामें करणारे नेटिव्ह डॉक्टर तीतून मिळावयाचे होते. म्हणजे उद्दिष्ट होतें तें सरकारच्या गरजेचें. पुढें उभा राहणारा रोगी त्यांत आलेला नव्हता.

१८३५ सालीं सर रॉबर्ट ग्रँट गव्हर्नर होऊन आले. शाळा कां फसली आणि नवी काढावयाची तर कशी, याविषयीं त्यांनीं मुंबईच्या मेडिकल अँड फिजिकल सोसायटीचें मत मागविलें. या संस्थेचे चिटणीस डॉक्टर चार्लस् मोरहेड. ग्रँट १८३८ च्या पावसाळ्यांत पुण्याजवळ दापोडीस वारले. त्यांच्या नांवानें निघणारें कॉलेज पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें. तें कॉलेज १८४५ सालीं उघडलें, सर जमशेटजी जिजीभाईंच्या इस्पितळास लागूनच, आणि मोरहेड त्याचे पहिले प्रिन्सिपॉल झाले. हें "लागूनच" फार महत्त्वाचें आहे. मोरहेडांचा आग्रह असा कीं, विद्यार्थ्यानें व्याख्यानें ऐकावीं तशींच रोग्याच्या खाटेपाशीं उभें राहून त्याची हकीकत लिहून घ्यावी, नाडी पाहावी, रोज काय फरक पडला तो टिपून ठेवावा. विद्यार्थ्यास काय सांगावें याबरोबर त्यानें काय करावें, हा विचार येथें आमच्या समजुतीप्रमाणें प्रथमच नीट आकारास आला.

१८५१ सालीं पहिली परीक्षा होऊन जे बाहेर पडले त्यांत भाऊ दाजी, आत्माराम पांडुरंग, अनंत चंद्रोबा, लिस्बोआ हे होते. यांतील भाऊ दाजी पुढें शिलालेख व ताम्रपट वाचण्यांत गढून गेले. महारोगावर औषध शोधण्याचे त्यांचे प्रयत्न तर सर्वश्रुत आहेत. आत्माराम पांडुरंगांच्या पुढाकारानें १८६७ सालीं प्रार्थनासमाज निघाला. लिस्बोआ यांनीं मुंबई इलाख्यांतील उपयुक्त वनस्पतींवर ग्रंथ लिहिला. यांपैकीं एकहि गोष्ट कॉलेजच्या कोणत्याहि उद्दिष्टांत बसणारी नव्हती. उद्दिष्टांच्या यादीवर जे आंधळा विश्वास ठेवतात त्यांनीं हीं नांवें अधूनमधून आठवावीं.

कॉलेजचें शिक्षण इंग्रजींत होतें. १८६१ सालीं त्याच आवारांत मराठी व गुजरातींतून शिकविणारा वर्ग निघाला. त्यांतून तयार व्हावयाचे ते हाताखालचे डॉक्टर, ज्यांस पुढें हॉस्पिटल असिस्टंट म्हणूं लागले. एकाच छताखालीं दोन भाषा आणि दोन उद्दिष्टें! इंग्रजींत शिकलेला शहराचा, देशी भाषेंत शिकलेला तालुक्याचा. या दुसऱ्या प्रकारच्या शिक्षणासाठीं पुढें पुण्यास बैरामजी जिजीभाईंच्या नांवाचें मेडिकल स्कूल झालें. पदवी नव्हे तर परवाना घेऊन बाहेर पडणाऱ्या या मंडळीनें किती खेडीं संभाळलीं याचा इतिहास अद्यापि कोणीं नीटसा लिहिलेला नाहीं, ही खेदाची गोष्ट आहे.

१९४६ सालीं सर जोसेफ भोर यांच्या समितीचा अहवाल आला. देशास एकाच दर्जाचा डॉक्टर हवा, आणि तो औषध देणारा नसून समाजाच्या आरोग्याची काळजी वाहणारा असावा, असें समितीनें सांगितलें. हें उद्दिष्ट उदात्त खरें. पण एकच दर्जा म्हणजे परवानाधारकांचा वर्ग बंद. समितींतील कांहीं सभासदांनीं या मुद्द्यावर भिन्न मतहि नोंदविलें. पुण्याचें स्कूल त्याच वर्षीं कॉलेज झालें. तालुक्याच्या गांवीं जाणारा डॉक्टरहि आतां शहराच्याच इस्पितळांत, शहराच्याच रोग्यांवर शिकूं लागला. अहवालांत खेडें होतें. परीक्षेच्या कागदांत तें उतरलें नाहीं. आणि विद्यार्थी अहवाल वाचीत नसतो, मागील वर्षांचे कागद वाचतो, हें आम्ही अध्यापकांनीं तरी कां लपवावें? "विंचूदंशावर टीप लिहा" असा प्रश्न आला कीं टीप पाठ होते. टीप लिहितां येणें आणि विंचू चावलेला माणूस वांचवितां येणें या दोहोंत किती अंतर आहे, तें आम्हीं लहानपणीं याच गांवीं पाहिलें आहे.

सुमारें १९७९ सालची गोष्ट. वैशाखाचे दिवस होते. शेजारच्या वाडींतील एक तरुण गडी पावसाळ्यापूर्वीं सरपण आंत भरीत असतां त्यास तांबडा विंचू चावला. प्रथम मंत्र्या झाला. मग कोणी नुकत्याच पास झालेल्या एका डॉक्टरांस बोलावून आणलें. त्यांनीं चावल्या जागीं बधिर करण्याची सुई दिली. ठणका थांबला, सर्वांस हायसें वाटलें, आणि "आतां झोपूं द्या" असें सांगून डॉक्टर गेले. त्या गड्यास दरदरून घाम फुटला होता, दोनदां ओकारी झाली होती, आणि हातपाय गार पडले होते. त्याच्या आईनें त्याच्यावर गोधडी घातली. पहांटे त्यास श्वास घेववेना. तोंडावाटे फेंस आला. उजाडण्यापूर्वीं तो गेला. घाम, ओकारी व गारठलेले हात हींच खरीं धोक्याचीं लक्षणें होतीं, आणि दुखणें थांबलें म्हणजे विष उतरलें असें नव्हे, हें त्या डॉक्टरांस कोणीं दाखविलेंच नव्हतें. परीक्षेंत त्यांस टिपेचे गुण पुरे मिळाले असतील.

साहेबलोक ज्या वाटेनें महाबळेश्वरास जात त्याच वाटेनें दक्षिणेस गेलें म्हणजे महाड लागतें. त्याच तालुक्यांत बिरवाडी म्हणून गांव आहे. तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत १९७६ सालीं डॉक्टर हिम्मतराव बावस्कर रुजूं झाले. मूळचे मराठवाड्यांतले, शिक्षण नागपूरच्या मेडिकल कॉलेजांत. विंचू चावलेलीं मुलें व गडीमाणसें त्यांच्यापुढें येऊं लागलीं आणि डोळ्यांदेखत मरूं लागलीं. कॉलेजांतील शिकवणीचा उपयोग होईना. अशा वेळीं बहुतेक माणसें बदलीचा अर्ज करतात. बावस्करांनीं रोग्याच्या उशाशीं बसून रात्रभर नोंदी ठेवण्यास आरंभ केला: नाडी किती, रक्तदाब किती, घाम केव्हां फुटला, ओकारी किती वेळां, हातपाय केव्हां गार पडले, छातींत पाणी केव्हां भरूं लागलें. मोरहेडांच्या खाटेपाशीं जें शिक्षण सुरू झालें तें सव्वाशें वर्षांनीं एका आडगांवीं, शिक्षकावांचून, पुन्हां सुरू झालें म्हणावयाचें!

या नोंदींवरून त्यांनीं मृत्यूची सूचना देणारीं लक्षणें निश्चित केलीं आणि १९८२ सालीं तीं विलायतच्या 'लॅन्सेट' पत्रांत प्रसिद्ध झालीं. विषामुळें शरीरांतीलच उत्तेजक रसांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयावर असह्य भार पडतो. हें कळल्यावर उपायाची दिशा सुचली. आवळलेल्या वाहिन्या सैल करणारें प्राझोसिन नांवाचें रक्तदाबावरचें औषध तेव्हां उपलब्ध होतें. त्याच्या गोळ्या त्यांनीं देऊन पाहिल्या आणि १९८६ सालीं त्याचाहि वृत्तांत 'लॅन्सेट'मध्यें आला. गंभीर रोग्यांत पूर्वीं शेंकडा चाळिसाच्या घरांत असलेलें मृत्यूचें प्रमाण पुढें शेंकडा एकाच्या आसपास उतरलें. २०११ सालीं विंचवाची प्रतिलस व प्राझोसिन मिळून दिल्यास सुधारणा अधिक लवकर होते, हेंहि त्यांनीं दाखवून दिलें. २०२२ सालीं सरकारनें त्यांस पद्मश्री दिली.

आम्हांस या हकीकतींत जें वेधक वाटतें तें औषध नव्हे. हातपाय गार आहेत का पाहा. गार असल्यास गोळी द्या. ठराविक तासांनीं पुन्हां पाहा. हातपाय ऊन झाले कीं धोका टळत चालला असें समजा. हीं सर्व आज्ञार्थी क्रियापदें आहेत, आणि तीं कोणत्याहि खेड्यांतील डॉक्टरास, यंत्राशिवाय, कंदिलाच्या उजेडांतहि पाळतां येतात. "टीप लिहा" या क्रियापदाच्या जागीं "हात लावून पाहा" हें क्रियापद आलें.

शिक्षणशास्त्रज्ञ या निष्कर्षाप्रत वेगळ्या वाटेनें आले. अमेरिकेंत १९५६ सालीं बेंजामिन ब्लूम व त्यांच्या सहकाऱ्यांनीं बौद्धिक उद्दिष्टांची श्रेणी लावली. तळाशीं स्मरण, माथ्यावर मूल्यमापन. १९६२ सालीं रॉबर्ट मेजर यांनीं उद्दिष्टाचें वाक्य कसें रचावें यावर एक लहानसें पुस्तक लिहिलें. त्यांचें म्हणणें सरळ आहे. शिकणारा काय करील तें दिसणाऱ्या क्रियेनें सांगा. कोणत्या परिस्थितींत करील तें सांगा. आणि किती चांगलें केलें म्हणजे पुरे, तेंहि सांगा. 'जाणेल', 'समजेल', 'आकलन होईल' हीं क्रियापदें त्यांस चालत नाहींत, कारण तीं डोळ्यांस दिसत नाहींत. १९९० सालीं जॉर्ज मिलर यांनीं जाणणें, कसें तें जाणणें, करून दाखविणें व प्रत्यक्ष करणें अशा चार पायऱ्यांचा मनोरा वैद्यकासाठीं उभा केला. भाच्याच्या पुस्तकांतील खुणा याच मनोऱ्यावरून आलेल्या आहेत.

मेजरांचीं तीन अंगें समजून घ्यावयाचीं असतील तर अमेरिकेस जाण्याचें कारण नाहीं, गडचिरोलीस जावें. तेथें डॉक्टर अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनें गांवांतल्याच बायांस अर्भकांची देखभाल शिकविली. न्युमोनिया ओळखावयाचा तर मुलाचे श्वास मोजले पाहिजेत; दोन महिन्यांच्या आंतील बालकाचे मिनिटांत साठ किंवा अधिक झाले तर धोका. पण ज्या बाईस साठपर्यंत मोजतांच येत नाहीं तिनें काय करावें? संस्थेनें वाळूचें एक मिनिटाचें घड्याळ व मणी यांचें एक साधन केलें. श्वासांबरोबर मणी सरकवावयाचे. येथें क्रिया आहे: मोजणें. परिस्थिति आहे: झोंपडींत, निरक्षर बाईच्या हातीं. मर्यादा आहे: साठ. 'लॅन्सेट'मध्यें १९९९ सालीं त्यांचा जो लेख आला त्यांत एकोणचाळीस गांवांत नवजात अर्भकांचे मृत्यु तुलनेच्या गांवांपेक्षां शेंकडा बासष्टांनीं कमी झाल्याचें दाखविलें आहे. उद्दिष्ट नीट लिहिलें म्हणून हें सर्व झालें असें आम्हीं म्हणत नाहीं. त्यामागें घरोघर फिरणाऱ्या बायांचे श्रम आहेत. परंतु त्यांस काय करावयाचें हें त्यांच्या शिक्षकांस वाक्याच्या शेवटच्या शब्दापर्यंत ठाऊक होतें.

आतां दुसरी बाजू. हीं उद्दिष्टें हजारोंनीं लिहिलीं म्हणजे तीं पुरीं झाल्याच्या नोंदीहि हजारोंनीं ठेवाव्या लागतात. भाच्याजवळ एक नोंदवही होती. एकेका कौशल्यापुढें शिक्षकाची सही. एका पानावरच्या सर्व सह्या एकाच शाईच्या, एकाच तिरप्या हाताच्या, आणि एकाच तारखेच्या दिसल्या. आम्हीं विचारलें तेव्हां तो नुसता हंसला. दुसरें असें कीं, कांहीं गोष्टी क्रियापदाच्या सांच्यांत नीट बसत नाहींत. विद्यार्थी रोग्याविषयीं सहानुभूति दाखवील, असें लिहितां येतें. पण दाखवील कीं बाळगील? दाखविणें मोजतां येतें, बाळगणें मोजतां येत नाहीं, म्हणून शास्त्र दाखविण्यावर समाधान मानतें. आमच्या मराठींत या दोन क्रियापदांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. तरी सर्व वजाबाकी करूनहि, ही यादी आमच्या "सम्यक् ज्ञाना"पेक्षां अधिक प्रामाणिक आहे असें आमचें मत झालें. तिच्यांत चूक असली तर ती बोट ठेवून दाखवितां येते.

आणि तशी एक आम्हांस सांपडलीहि. तिसऱ्या दिवशीं दुपारीं आम्हीं भाच्यास म्हटलें, "अरे, यांत सर्पदंश व विंचूदंश काढ पाहूं." औषधवैद्यकाच्या (जनरल मेडिसिनच्या) भागांत दंशाचें स्वतंत्र प्रकरण निघालें. सर्पदंशाचीं कलमें पाहून बरें वाटलें. आपल्या भागांतील विषारी सापांचीं नांवें व ओळखण्याच्या खुणा विद्यार्थ्यानें सांगाव्या, आणि दंशानंतर जागच्या जागीं करावयाचा प्रथमोपचार एखाद्या स्वयंसेवकावर किंवा पुतळ्यावर करून दाखवावा, इतरांस शिकवावा, असें त्यांत आहे. मग विंचवाचें कलम आलें. निदान, सुरुवातीचे उपाय व उपचार यांचें विद्यार्थ्यानें वर्णन करावें. वर्णन! सापासाठीं करून दाखवावयाचें आणि विंचवासाठीं वर्णन करावयाचें.

भाचा कांहीं वेळ त्या ओळीकडे पाहत राहिला. त्यास ती वाडींतील गोष्ट आमच्या बहिणीकडून पूर्वींच ठाऊक होती. मग त्यानें दिनदर्शिकेचें मागचें पान फाडून घेतलें, आणि आम्ही दोघे तें वाक्य नव्यानें लिहावयास बसलों. दोन वेळां खोडलें. आमचा कल भाषेच्या डौलाकडे; तो म्हणे, "मामा, एवढे मोठे शब्द नकोत, परीक्षकास हें तपासतां आलें पाहिजे." शेवटीं जें झालें तें असें: विंचू चावलेला माणूस पुढें आला असतां विद्यार्थी त्याचा घाम, ओकारी, नाडी, रक्तदाब व हातापायांची ऊब स्वतः तपासील, ठणका नसला तरी त्यास घरीं न पाठवितां जवळ ठेवील, गरज दिसल्यास प्राझोसिन सुरू करील, आणि हातपाय ऊन होईपर्यंत ठराविक वेळानें पुन्हां पुन्हां पाहील.

आम्हांस वाटलें, झालें. भाचा मात्र पेन्सिल हातांत धरून विचार करीत होता. "यांत परिस्थिति नाहीं आली, मामा," तो म्हणाला, आणि वाक्याच्या आरंभीं त्यानें चार शब्द घातले: रात्रीं, आडगांवीं, यंत्रसामग्री नसतांना.